हरलेल्याची बाजू

21 नोव्हेंबर 2025 रोजी दोह्यात भारत 'अ' आणि बांगलादेश 'अ' यांचा उपांत्य सामना 194 धावांवर बरोबरीत सुटला आणि निकालासाठी सुपर ओव्हर खेळवावी लागली. भारताचा कर्णधार होता अमरावतीचा जितेश शर्मा. तो स्वतः फलंदाजीला उतरला आणि रिपन मंडलच्या पहिल्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. दुसऱ्या चेंडूवर आशुतोष शर्मा झेल देऊन परतला. सुपर ओव्हरमध्ये दोन गडी बाद झाले की डाव संपतो, त्यामुळे भारताच्या नावापुढे शून्य लागलं. बांगलादेशाला एकच धाव हवी होती. त्यांचाही एक गडी पहिल्या चेंडूवर गेला आणि मग सुयश शर्माच्या हातून वाइड पडला. सामना तिथंच संपला. पुढच्या काही मिनिटांत जितेशला माइकसमोर उभं राहावं लागलं. दोष माझा, ज्येष्ठ खेळाडू म्हणून सामना संपवणं माझं काम होतं, याला हार न मानता धडा मानू, अशा आशयाचं तो बोलला. तडाखेबंद फलंदाज वैभव सूर्यवंशीला सुपर ओव्हरमध्ये का उतरवलं नाही, याचाही खुलासा त्यालाच करावा लागला.

हे दृश्य आता इतकं नेहमीचं झालंय की त्याला काही इतिहास असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. पण अंगावरचा घाम वाळायच्या आत हरलेल्यानं चारचौघांत आपल्या हरण्याची कारणं सांगावीत, ही रीत खेळाइतकी जुनी मुळीच नाही. वऱ्हाडात तर ती फारच उशिरा आली. अमरावती आणि अकोल्याला शंभर वर्षांहून जुनी व्यायामपरंपरा आहे. तिनं शिक्षक घडवले, शरीरं घडवली, साता समुद्रापार जाऊन दाद मिळवली. हरलेल्याच्या बोलण्यासाठी मात्र तिनं जागा ठेवली नाही. ती का ठेवली नाही, याचं उत्तर त्या परंपरेच्या जन्मकाळात आहे. आणि ही जागा न ठेवण्याचा निर्णय त्या काळापुरता शहाणपणाचा होता, पण त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली, असं माझं म्हणणं आहे.

वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, 1902 मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यानं त्यांच्याकडे आला आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. प्रदेशाची मालकी एकाची, अंमल दुसऱ्याचा आणि तिथल्या माणसाला कुणी विचारलेलं नाही, अशी ही स्थिती. साहेबांच्या कँपातले क्लब आणि टेनिसची हिरवळ गावापासून दूर होती, आणि ते अंतर फक्त मैलांचं नव्हतं. अशा अमरावतीत 1914 मध्ये अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी हनुमान आखाडा सुरू केला. पुढे त्याचंच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. तिथं काय शिकवत ते बघितलं की हेतू स्वच्छ दिसतो: लाठी, लेझीम, मल्लखांब, जंबिया, जोर-बैठका, कवायत. यांतल्या बहुतेक गोष्टींत समोर प्रतिस्पर्धी नसतो. मल्लखांबावर चढलेला मुलगा कुणाला हरवायला चढत नाही. शंभर जणांच्या लेझमीत एकाचा ठेका चुकला तर सगळ्यांचा डाव बिघडतो, पण हरत कुणीच नाही. मंडळाच्या उन्हाळी वर्गांतून बाहेर पडणारा तरुण अजिंक्यपदाचा दावेदार म्हणून घडवला जात नव्हता. त्यानं आपल्या गावी जाऊन आणखी चाळीस पोरं तालमीला लावावीत अशी अपेक्षा असे. क्रांतिकारक राजगुरूंचं नाव या आखाड्याशी जोडलं जातं ते याच वातावरणामुळे.

या सगळ्यामागची बेरीज उघड आहे. ज्या समाजाला रोज सांगितलं जात होतं की तुम्ही दुबळे म्हणून हरलात आणि हरलात म्हणून राज्य आमचं, त्या समाजाच्या पोरांना आणखी एका स्पर्धेत उभं करून आणखी एक निकाल ऐकवण्यात वैद्य बंधूंना स्वारस्य नव्हतं. त्यांनी निकालच नसलेला प्रकार निवडला, तो म्हणजे प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात बघणारा फक्त दाद देऊ शकतो, गुण देऊ शकत नाही.

याचा कळस 1936 मध्ये बर्लिनला झाला. ऑलिंपिकच्या निमित्तानं जमलेल्या जगासमोर अमरावतीच्या पथकानं हुतुतू आणि इतर देशी खेळ करून दाखवले. हुतुतू म्हणजे आजची कबड्डी. या खेळात मरणं आहे, जिवंत होणं आहे, गुण आहेत, जय-पराजय आहे. पण बर्लिनमध्ये मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आपलीच मुलं होती. कुठलीही बाजू हरली तरी अमरावती जिंकणार होती. खेळाचा सगळा थरार ठेवायचा आणि त्यातला पराभवाचा काटा तेवढा काढून टाकायचा, ही युक्ती इतकी नेमकी आहे की तिचं कौतुक करावं की तिच्यावर शंका घ्यावी, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

कारण त्याच उन्हाळ्यात, त्याच जर्मनीशी जोडलेले दोन पराभव घडले आणि दोन्हींची नोंद राहिली. पहिला टेनिसचा. 3 जुलै 1936 ला विंबल्डनच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा गॉटफ्रीड फॉन क्राम इंग्लंडच्या फ्रेड पेरीकडून 6-1, 6-1, 6-0 असा हरला. सुरुवातीलाच त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला होता. तो लंगडत खेळला, सामना सोडला नाही आणि खेळताना चकार शब्द काढला नाही. शेवटी पंचांनीच प्रेक्षकांना दुखापतीची गोष्ट सांगितली आणि चांगला सामना देता आला नाही याबद्दल क्रामची दिलगिरी कळवली. हौशी खेळाडूंच्या जमान्यातलं पराभवाचं सगळं भाष्य ते एवढंच, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून. दुसरा पराभव आपला. ऑलिंपिक सुरू होण्याआधी 17 जुलैला भारताचा हॉकी संघ जर्मनीशी सरावाचा सामना खेळला आणि 4-1 असा हरला. पुढे 15 ऑगस्टला याच जर्मनीला आपण 8-1 नं हरवून सुवर्णपदक घेतलं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण कर्णधार ध्यानचंदनं आपल्या आत्मचरित्रात त्या सरावाच्या पराभवाला चांगली जागा दिली आहे: संघ हादरला, झोप उडाली, घाईघाईनं हिंदुस्थानातून दारा या खेळाडूला बोलावून घ्यावं लागलं. त्या 8-1 ची सुरुवात 4-1 मध्ये झाली, हे आपल्याला कळतं ते ध्यानचंदनं हरल्याची गोष्ट लपवली नाही म्हणून. अमरावतीच्या पथकाला बर्लिनमध्ये वाहवा मिळाली. ध्यानचंदच्या संघाला तिथं आधी शिकायला मिळालं. एकाच गावी, एकाच उन्हाळ्यात.

इथं कुणी म्हणेल की वऱ्हाडात कुस्ती होतीच की. पोळ्याच्या आणि नागपंचमीच्या सुमाराला गावोगावी दंगली होत, आणि कुस्तीइतका उघडा पराभव दुसऱ्या कुठल्या खेळात आहे? आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्या मुद्द्याला बळच देतो. मातीतल्या कुस्तीत गुण नसतात. पाठ मातीला लागली की चीत, नाही लागली तर नाही. चीत झालेल्या पैलवानाला कुणी कारण विचारत नाही, कारण अख्ख्या गावानं ते डोळ्यांनी बघितलेलं असतं. जोड फारच तुल्यबळ निघाली तर पंच ती बरोबरीत सोडवतात आणि दोघांची इज्जत राखतात. हरलेला खांद्यावरची माती झटकतो, वस्तादाच्या पाया पडतो आणि निघतो. बोलायचं ते पुढच्या वर्षीच्या दंगलीत. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, तर आणखी सोय आहे. तळेगाव दशासरच्या पटात जोडी मागं राहिली तर हरतात बैल, आणि धुरकऱ्याला दोष द्यायला घड्याळापासून मातीपर्यंत सगळं हाताशी असतं. पराभव होता, रोजचा होता, पण तो सांगायची गोष्ट नव्हता.

तो सांगायची गोष्ट कधी होतो, हे खाशाबा जाधवांच्या उदाहरणावरून कळतं. खाशाबा कऱ्हाडकडचे, वऱ्हाडचे नव्हेत, पण मातीतून गादीवर गेलेला आपला पहिला मोठा मल्ल तोच. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांना कांस्यपदक मिळालं. त्याबरोबर एक तक्रारही आली, ती आजतागायत सांगितली जाते: लांबलेल्या एका लढतीनंतर मिळायला हवी ती विश्रांती मिळाली नाही आणि बाजू मांडायला तिथं आपला एकही अधिकारी हजर नव्हता. गादीवरच्या कुस्तीला नियमपुस्तक आहे, वेळेचं गणित आहे, गुण आहेत. म्हणून तिथं हरलेल्याला बाजू असते. मातीत बाजू नसते, फक्त पाठ असते. खेळ जसजसा मोजमापाचा होत गेला तसतशी हरलेल्याला बोलायला जागा मिळाली, आणि जिथं खेळावर पोट अवलंबून आहे तिथं ते बोलणं सक्तीचं झालं. टेनिसच्या मोठ्या स्पर्धा व्यावसायिकांना खुल्या झाल्या 1968 मध्ये. आज ग्रँड स्लॅममध्ये सामन्यानंतर पत्रकारांसमोर येणं हा नियम आहे. 2021 च्या फ्रेंच ओपनमध्ये नाओमी ओसाकानं ते नाकारलं तर तिला 15,000 डॉलर दंड झाला आणि तिनं स्पर्धाच सोडली. क्रामच्या वेळी पंच बोलला तरी पुरत होतं. ओसाकाच्या वेळी न बोलणं हाच गुन्हा ठरला.

अमरावतीनं बर्लिनला दाखवलेल्या खेळाचं पुढं काय झालं, हेही या हिशेबात धरायला हवं. कबड्डी 1990 मध्ये बीजिंगच्या एशियाडमध्ये पदकासाठी आली आणि 2014 पर्यंत भारतीय पुरुषांनी एकही सुवर्ण सोडलं नाही. इतकी वर्षं ती आपल्यासाठी जवळजवळ प्रात्यक्षिकच राहिली होती. मग ऑगस्ट 2018 मध्ये जकार्तात इराणनं पुरुषांना उपांत्य फेरीत 27-18 असं हरवलं, आणि दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना इराणनंच 27-24 असा जिंकला. त्या इराणी मुलींची प्रशिक्षक होती नाशिकची शैलजा जैन. आपल्याच घरचं ज्ञान समोरच्या बाजूला जाऊन बसलं होतं. या खेळात आपण हरूही शकतो, हा विचार करायची सवयच नव्हती; म्हणून धक्का मोठा बसला. बर्लिनपासून जकार्तापर्यंत 82 वर्षं गेली. 2023 मध्ये हांगझोऊला दोन्ही सुवर्णपदकं परत आली, पण महिलांचा अंतिम सामना 26-25 असा एका गुणानं सुटला आणि पुरुषांचा वादावादीत. प्रात्यक्षिकाचे दिवस संपले होते.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. हरल्यावर बोलण्यात काय मोठंसं आहे, असा तो आक्षेप. 'आम्ही यातून शिकू', 'श्रेय त्यांचं', 'जबाबदारी माझी' ही ठरलेली वाक्यं कुठल्याही खेळाडूच्या तोंडी बसतात आणि त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा खांद्यावरची माती झटकून मुकाट जाणारा पैलवान बरा. मला यातला अर्धा भाग मान्य आहे. माइकसमोरचं बोलणं बहुतेक वेळा कोरडं असतं, आणि सक्तीनं काढलेलं तर असतंच असतं. दोह्यातल्या जितेशच्या बोलण्यातही 'धडा' वगैरे भाग कुणीही बोलला असता. पण तेवढ्यावर थांबलो तर त्यातली दुसरी गोष्ट निसटते. सूर्यवंशीला का नाही या प्रश्नावर त्यानं खराखुरा हिशेब मांडला होता: तो पॉवरप्लेमध्ये तडाखा देणारा, शेवटच्या षटकांत आशुतोष आणि रमणदीप जास्त चालतात, म्हणून निर्णय तसा झाला. हा हिशेब चुकलेला असू शकतो. पहिल्या दोन चेंडूंनी तो चुकीचाच ठरवला. पण तो मांडला म्हणूनच तपासता येतो. माती झटकून गेलेल्या पैलवानाकडून पुढच्या मल्लाला काही तपासता येत नाही.

याचा मोठा पुरावा विदर्भाच्या क्रिकेटमध्ये आहे. आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाड या नावानं आणि 1957-58 पासून विदर्भ म्हणून हा संघ रणजी करंडकात खेळला आणि साठ वर्षं करंडकाविनाच राहिला. ही साठ वर्षं कुठल्याही गौरवग्रंथात शोभणारी नाहीत, पण क्रिकेटचं एक बरं आहे: स्कोअरबुक जिंकलेला आणि हरलेला यांत भेद करत नाही. प्रत्येक पराभव चेंडूबरहुकूम लिहिलेला असतो. चंद्रकांत पंडितच्या हाताखाली आणि फैज फजलच्या नेतृत्वाखाली विदर्भानं 1 जानेवारी 2018 ला इंदूरला दिल्लीला हरवून पहिला करंडक उचलला, तो काही आकाशातून पडला नव्हता. खुद्द पंडितनं मध्य प्रदेशचा कर्णधार असताना 1998-99 चा अंतिम सामना कर्नाटककडून गमावला होता, आणि प्रशिक्षक म्हणून त्याच मध्य प्रदेशला 2022 मध्ये त्यानं करंडक मिळवून दिला. मार्च 2024 मध्ये वानखेडेवर मुंबईनं विदर्भापुढे 538 धावांचं लक्ष्य ठेवलं. अकोल्याचा अथर्व तायडे त्या संघाचा सलामीवीर होता. हे लक्ष्य अशक्यच होतं, तरी विदर्भ पाचव्या दिवसापर्यंत लढला, 368 पर्यंत गेला आणि 169 धावांनी हरला. पुढच्याच मोसमात उपांत्य फेरीत मुंबईला घरी पाठवून त्यांनी तिसरा करंडक घेतला. त्या पराभवाचा या विजयाशी संबंध जोडता येतो, कारण दोन्हींची नोंद आहे.

आणि सगळ्यात बारीक नोंद धनुर्विद्येत सापडते. अमरावतीच्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीत घडलेला प्रवीण जाधव मूळचा फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा. शेतमजुराचा मुलगा, आधी धावपटू, मग तिरंदाज. 70 मीटरवर 122 सेंटिमीटरचं लक्ष्य असतं आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 12.2 सेंटिमीटर. तीन बाणांचा एक सेट, सेट जिंकला की दोन गुण. 28 जुलै 2021 ला टोकियोत त्यानं जगात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या गलसान बझारझापोव्हला 6-0 असं उडवलं आणि त्याच दिवशी अव्वल क्रमांकाच्या ब्रॅडी एलिसनकडून 0-6 असा हरला. घरी बातमी गेली ती धुव्वा उडाल्याची. सेट पाहिले तर चित्र वेगळं दिसतं: 27-28, 26-27, 23-26. पहिले दोन सेट एकेका गुणानं गेले. ढासळला तो तिसरा. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये पहिल्याच फेरीत चीनच्या काओ वेनचाओनं त्याला पुन्हा 0-6 असं हरवलं. सेट होते 28-29, 29-30 आणि 27-28. या खेपेला तिन्ही सेट एकेका गुणानं गेले. नऊ बाणांत टोकियोत 76 गुण, पॅरिसमध्ये 84. एलिसनचे त्या दिवशीचे गुण 81. पदकतक्त्यात आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात हे दोन पराभव अगदी एकसारखे दिसतात. पहिला तिसऱ्या सेटमध्ये मोडलेल्या तिरंदाजाचा आहे, दुसरा न मोडलेल्या पण समोरच्यापेक्षा केसभर कमी पडलेल्या तिरंदाजाचा. प्रशिक्षकानं दोन्हींवर एकच उपाय केला तर त्याच्यासारखा चुकीचा प्रशिक्षक नाही.

मंडळाच्या वारशाशी याचा काय संबंध, असं विचारता येईल. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आज स्पर्धांना खेळाडू पाठवतं, तिथं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे, धनुर्विद्या आहे. ते काही 1936 मध्ये अडकलेलं नाही. हे खरं आहे. पण वृत्ती इमारतीपेक्षा जास्त टिकते. आपल्याकडच्या कुठल्याही क्रीडासंस्थेची स्मरणिका उघडा: पाहुण्यांचे संदेश, पदकविजेत्यांचे फोटो, परदेश दौऱ्यांची वर्णनं. उपांत्य फेरीत बाहेर पडलेल्या संघाचं नाव नाही, दुखापतीनं खेळ सुटलेल्या मुलीचा उल्लेख नाही, सलग पाच वर्षं का हरलो याचं एक पान नाही. निकालाशिवायच्या प्रात्यक्षिकाची सवय निकालाच्या युगात आली ती या रूपात, आणि ही वैद्य बंधूंची चूक नाही. त्यांच्यापुढे प्रश्न वेगळा होता आणि त्यांचं उत्तर त्या प्रश्नाला चपखल होतं. चूक नंतरच्यांची आहे. प्रश्न बदलल्यावरही त्यांनी तेच उत्तर पाठ म्हणणं चालू ठेवलं.

अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत बॉक्सिंग शिकवतात. हौशी बॉक्सिंगमध्ये पाच पंच असतात, आणि प्रत्येक फेरीत जिंकणाऱ्याला दहा गुण मिळतात. हरणाऱ्याला शून्य नाही, बहुधा नऊ, फारच मार खाल्ला तर आठ. फेरी संपली की पाच जणांनी पाच ठिकाणांहून हरणाऱ्याकडे बघितलेलं असतं आणि तो किती अंतरानं मागं होता हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. तीन फेऱ्यांचे असे पंधरा आकडे प्रत्येक लढतीनंतर हाती येतात. ते आकडे प्रबोधिनीच्या आणि मंडळाच्या दप्तरांत वर्षानुवर्षं जपून ठेवायला एक वही पुरते. पुढच्या महोत्सवी स्मरणिकेत पदकविजेत्यांच्या फोटोंशेजारी त्या वहीतलं एखादं पान छापायला वऱ्हाडातल्या कुठल्या संस्थेची हरकत असेल, आणि ती हरकत कुठल्या कारणानं असेल, हे विचारायला आता कुणीतरी हवं.